एका दिवसापुरतं

बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या बारगीरांची धास्ती घेऊन कोलकात्याने आपल्याभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. १७९९ साली तो बुजवून वर सर्क्युलर रोड आला, पण गल्लीच्या नावात खंदक अजून आहे. इथे ज्यांची नोंद करतो आहे त्या गोष्टींच्या नावाची गल्ली कुठे नाही. या सगळ्या एका दिवसापुरत्या, फार तर आठवड्यापुरत्या केलेल्या गोष्टी. या शहराने आपलं उत्तमातलं कसब त्यांच्यावर ओतलं, आणि त्याच आता सगळ्यांच्या आधी चालल्या आहेत.

गिले केलेली बाही. बंगाल्यांची पंजाबी म्हणजे आपला झब्बा. आद्दीच्या तलम सुती कापडाचा पांढरा झब्बा धुऊन, हलकी खळ देऊन, अर्धवट ओला असतानाच धोबी पुढ्यात घेई. हातात गारंबीची बी, हिलाच बंगालीत गिले म्हणतात. कोकणातल्या जंगलात ज्या वेलीला दोन-तीन हात लांबीच्या शेंगा लोंबतात तीच गारंबी; बी तपकिरी, चपटी, गुळगुळीत, मुठीत मावणारी. ही बी दाबून बाहीवर फिरवायची, कापड बोटांनी गोळा करत जायचं, की खांद्यापासून मनगटापर्यंत बारीक चुण्या उठतात. एक बाही झाली की दुसरी, आणि दोन्ही सारख्या दिसायला हव्यात. धुतीचंही तेच. पुढचा सोगा हाताने चुणून घट्ट वळून ठेवायचा. नेसल्यावर त्याचं टोक पंख्यासारखं उलगडतं, ते हातात धरून किंवा झब्ब्याच्या खिशात खोचून चालायचं. घाम आला, पावसाची सर आली, की सगळं सपाट. पुन्हा धोबी, पुन्हा बी.

दुर्गापूजेत अष्टमीच्या सकाळी, लग्नात, पैला बैशाखला म्हणजे बंगाली नववर्षाला असा झब्बा अंगावर असणं हे घरंदाजपणाचं लक्षण होतं. उत्तर कोलकात्यात थोड्या ठिकाणी हे काम अजून करून मिळतं. पॉलिस्टर मिसळलेलं कापड चुणी धरत नाही, आणि इस्त्रीचा तर धर्मच चुणी मोडण्याचा. आता कमरेला इलॅस्टिक लावलेली शिवलेली धुती मिळते. तिचा सोगा शिवणीत अडकलेला असतो, तो उलगडत नाही.

ती जुनी धुती कशी दिसे ते पाहायचं तर कालीघाटचे पट पाहावेत. देवळाबाहेर गिरणीच्या स्वस्त कागदावर पाण्याच्या रंगांनी काढलेले हे पट यात्रेकरू किरकोळ पैशांत विकत घेत, भिंतीला लावत, विटले की काढून टाकत. काढणारे पटुआ मेदिनीपूर, चोवीस परगण्याकडून आलेले. एक जण रेघ काढी, दुसरा रंग भरी, सगळं कुटुंब कामाला. काली, जगन्नाथ, मासा धरलेलं मांजर, आणि चुणीदार धुतीतला बाबू, सोग्याच्या चुण्या कुंचल्याच्या एकेका ओढीत उतरलेल्या. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताचं आणि एलोकेशीचं प्रकरण गाजलं, नवऱ्याने तिचा खून केला, तेव्हा तेही पटावर आलं. लोक ते चित्र घरी घेऊन गेले.

स्वस्त रंगीत छापील चित्रांनी पट मारला. त्यात आमच्याकडच्या कागदाचाही वाटा आहे. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रविवर्म्याचा छापखाना घरोघरच्या भिंतींवर देव पोचवत होता. १९३० च्या आसपास कालीघाटचे पटुआ थांबले. पट पाहायला मिळतात ते कुणीतरी ते वेळेवर उचलले म्हणून. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवलेल्या लॉकवुड किपलिंगनी जमवलेला संग्रह मुलाने, रड्यार्डने, १९१७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला देऊन टाकला. पट कागदाचा, त्यामुळे तो ठेवता आला. बाहीची चुणी ठेवायला जागा नाही. ती करणारा माणूस असेल तेवढेच दिवस ती असते, म्हणून मला तिची काळजी पटापेक्षा जास्त वाटते.

टोपोर. नवऱ्या मुलाचा पांढरा, निमुळता, उंच मुकुट. बाळाच्या उष्टावणालाही लहानसा घालतात. तो शोलाचा. पाणथळ शेतात, डबक्यात उगवणारी ही वनस्पती; तपकिरी साल काढली की आत दुधासारखा पांढरा, अगदी हलका गाभा. मालाकार तो पात्याखाली फिरवत फिरवत सोलतो आणि कागदाहून पातळ लांबच लांब पट्टी निघते. तिच्यातून कळ्या, पाकळ्या, झालरी. शंकराला लग्नात पांढरा मुकुट हवा होता म्हणून मालाकार जन्माला आला, अशी त्यांची कथा. इंग्रज साहेबाची सोला हॅट याच गाभ्याची. टोपोर एका रात्रीपुरता. तो दुसऱ्या लग्नात कुणी घालत नाही.

थर्मोकोलचा टोपोर लांबून तसाच दिसतो. हातात घेतला की कळतं: शोला बोटाखाली किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो, थर्मोकोलचे दाणे सुटतात. शोला उगवायची तळी बुजत चालली आहेत, त्यामुळे माल लांबून आणावा लागतो आणि महाग पडतो. कारागिराच्या मुलाने दुसरा धंदा धरला तर त्याला बोल लावता येणार नाही. आपल्याकडे फुलांच्या मुंडावळ्यांच्या जागी मोत्यांच्या आल्या तेव्हा गजरेवाली इतर कामांवर तगली. मालाकाराच्या हातात मात्र टोपोर, देवीचा शृंगार आणि फुलं याखेरीज फारसं काही नाही.

देवीचा डाकेर साज: चंदेरी बेगडीचे दागिने. ही बेगड एके काळी जर्मनीहून डाकेने येई, म्हणून हे नाव. आता ती इथेच मिळते.

चालचित्र. दुर्गेच्या मागे कमानीसारखी जी पाटी असते तिच्यावर शिव, दशावतार, देवासुरांचं युद्ध. मूर्तिकारांच्या कुमारटुलीत हे हाताने काढणारे फार थोडे उरले. बाकी छापील पट्टी चिकटवतात. मूर्तीपुढे माणसं दोन मिनिटं थांबतात, मागे नजर जात नाही. दशमीला ते मूर्तीबरोबर गंगेत जातं.

आलता लावणारी न्हावीण. आलता अजून आहे, बाटलीत आहे, पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. गेली ती न्हावीण. ती ठरल्या दिवशी दुपारी येई, पुरुष कामाला गेल्यावर. घरातल्या बायका एकामागून एक तिच्यापुढे बसत. आधी पाण्यात पाय, मग जळक्या विटेच्या तुकड्याने टाचा घासायच्या, नऱ्हाणीने नखं काढायची, आणि शेवटी लाखेच्या रंगात बुडवलेल्या कापसाने पावलाच्या कडेने लाल रेघ ओढायची. टाचेपाशी हात थांबवायचा नाही, नाहीतर रेघेला गाठ पडते. अंगठ्यापाशी ठिपका. सासूचे पाय झाले की सुनेचे; दिवसभर उभ्या राहणाऱ्या सुनेचे पायही तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असत. कोणाच्या घरी काय चाललंय, कुठे मुलगी उपवर आहे, हे सगळं तिच्याबरोबर अंतःपुरात येई. बाटलीतल्या ब्रशने आपला आपण आलता लावता येतो. वाकून लावताना टाचेची मागची बाजू नीट साधत नाही.

अल्पना. आपल्यासारखीच बंगालातही कोजागरी लक्ष्मीची, आणि तिच्यासाठी जमिनीवर काढायची ही नक्षी. भिजवलेले तांदूळ वाटून पातळ पिठी करायची, त्यात चिंधी बुडवून ती मुठीत धरायची, आणि हलकं दाबत बोटावरून धार सोडायची. रांगोळीसारखी चिमूट नाही, त्यामुळे रेघ कुठे तुटत नाही. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावलं, मध्ये धानाच्या लोंब्या, घुबड. ओली असताना दिसत नाही, वाळल्यावर पांढरी उमटते. म्हणजे काढणारीला आपण काय काढतोय ते अर्धं मनातच दिसलं पाहिजे. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ साली ‘बांगलार व्रत’ मध्ये व्रतांबरोबर या अल्पनाही नोंदवल्या, नंदलाल बसूंनी त्या शांतिनिकेतनच्या कलाभवनात नेल्या. म्हणून अल्पना कलेच्या इतिहासात पोचली. लाद्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र तिचं स्टिकर आलं आहे, आपल्या रांगोळीचं आलं तसंच.

संदेशाचे साचे. संदेश म्हणजे छेन्याची मिठाई. चित्पूर रोडवर नूतन बाजारात तिचे लाकडी साचे कोरणारे बसतात. आंबा, शंख, मासा, ताडगोळा. लग्नाच्या साच्यावर अक्षरं असतात, ती उलटी कोरावी लागतात. कारागीर ती आरशात न बघता, सरळ लिहावं तितक्या सहज उलटी कोरतो. मी बराच वेळ उभा राहून पाहिलं आणि एकदाही त्याने हात मागे घेतला नाही. खोली किती ठेवायची हे छेन्यावर ठरतं: कमी असेल तर माशाचे खवले उठत नाहीत, जास्त असेल तर संदेश निघताना शेपूट आतच राहतं. हे सगळं एका घासासाठी. प्लॅस्टिकचे साचे स्वस्त आहेत, धुवायला सोपे आहेत, आणि मिठाईवाल्याला तेच परवडतात. पण त्यांचे खवले सगळे एका मापाचे.

घरी केलेला मांजा. विश्वकर्मा पूजा, १७ सप्टेंबरच्या आसपास, कोलकात्याच्या पतंगांचा दिवस. अवधचा नवाब वाजिद अली शाह १८५६ साली राज्य गमावून मेटियाबुरुजला आला, त्याच्याबरोबर लखनौचा पतंगाचा शौकही आला असं सांगतात. गल्लीत विजेच्या खांबाखांबांमधून दोरा ताणून त्यावर काचेची पूड, भाताची पेज आणि रंग यांचा लेप द्यायचा, हा पूजेआधीचा मुलांचा उद्योग. मग नायलॉनचा मांजा आला. त्याने पक्षी आणि माणसं दोन्ही कापली, माँ फ्लायओव्हरवर दुचाकीस्वार जखमी झाले. २०१७ साली हरित लवादाने देशभर त्यावर बंदी घातली ते योग्यच झालं. पण सुती मांजा त्याच्याही आधी मागे पडला होता, कारण नव्या इमारतींच्या गच्चीला कुलूप असतं.

लग्नातलं पद्य. माझ्या मते या यादीतलं सर्वांत मोलाचं. वऱ्हाडी जेवणाची वाट बघत असताना त्यांच्या हातात पतंगी कागदाचा एक तलम ताव येई, गुलाबी नाहीतर पिवळा, वर ‘प्रीती-उपहार’ अशी अक्षरं, बाजूला वेलबुट्टी आणि फुलपाखरू. आत नवरानवरीसाठी रचलेली पद्यं. नवऱ्याचा धाकटा भाऊ वहिनीची थट्टा करी, आजोबा आशीर्वाद देत, मैत्रिणी मुलगी नेली म्हणून रुसत. कुणी स्वतः लिहीत, कुणी घरातल्या कवी काकांकडून लिहून घेत. छापखान्यात तयार पद्यंही असत, नावं तेवढी बदलायची. खिळे जुळवून छापणाऱ्या लहान छापखान्यांना लगीनसराईत हे हमखास काम होतं. आपल्याकडेही घरच्यांनी रचलेली मंगलाष्टकं छापून वाटली जात, ती प्रथाही अशीच विरली. खिळ्यांचे छापखाने मोडीत गेले, लग्नं भाड्याच्या हॉलमध्ये आली, आमंत्रण फोनवर येऊ लागलं.

या कागदांवर खाली नावं असतात. ‘तुझी सेजो मावशी’, ‘तुझ्या छोट्या बहिणी’, आणि पुढे त्यांची पाळण्यातली नावं. त्यातल्या कितीतरी बायकांचं नाव आयुष्यात दुसरीकडे कुठेच छापलं गेलं नसेल. हा कागद जपायचा म्हणून कुणी जपला नाही, पण ट्रंकेत साड्यांच्या घडीत, पंजिकेच्या म्हणजे पंचांगाच्या पानांत तो अडकून राहिला आहे. कोलकात्यातलं असो की पुण्या-नागपुरातलं, घर आवरताना असा ताव सापडला तर तो रद्दीत टाकू नका. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, आणि लग्न कुणाचं, कुठल्या साली, हे वरच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहा. मूळ तावावर लिहू नका. तो इतका पातळ असतो की शाई पलीकडे उतरते आणि पेन्सिलीचं टोकसुद्धा त्याला फाडतं.