माहेरचे नाव

इजिप्तमधल्या नेफरतारी राणीचे थडगे एकदा पाहावे, ही माझी फार जुनी हौस. १९०४ साली स्कियापारेल्ली नावाच्या इटालियन संशोधकाने ते उघडले, तेव्हा आतले दागदागिने चोरांनी केव्हाच लांबवले होते. पण भिंतीवरची राणी जागच्या जागी होती. पांढरे झिरझिरीत वस्त्र नेसलेली, देवतांच्या हातात हात देऊन चाललेली, आणि जागोजागी तिचे नाव लिहिलेले. तीन हजारांहून अधिक वर्षे झाली, तरी नाव शाबूत! पण नांदेडच्या निवृत्त शिक्षकाला इजिप्त कुठले परवडायला? तेव्हा दिवाळीला लातूरहून आलेली मावशी 'मला एकदा बीबीचा मकबरा दाखव' म्हणाली, आणि मी लगेच पिशवी भरली. राणी ती राणी.

पूर्णा, परभणी, जालना करीत आमची गाडी छत्रपती संभाजीनगरला पोचली. मावशीच्या तोंडी अजून औरंगाबादच.

मकबरा म्हणजे ताजमहालाची नक्कल, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. मला तो त्यामुळेच आपला वाटतो. खाली कमरेइतका संगमरवर, वर घुमट संगमरवराचा, आणि मधे आपला मराठवाड्याचा काळा दगड, शुभ्र चुन्याचा गिलावा लेऊन उभा! ऐपतीप्रमाणे संसार नेटका केला आहे. आमचा वाटाड्या मोठा बोलका होता. दारावर स्थपती अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत, ती त्याने बोट लावून दाखवली. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे, असे तो एका दमात म्हणाला. सात आणेसुद्धा सोडले नाहीत! संगमरवराच्या तीनशे गाड्या तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने वाटेत पाहिल्या होत्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल.

"आझमशहाने आपल्या आईसाठी बांधला," तो म्हणाला. माझ्यातला मास्तर जागा झाला. आझमशहाचा जन्म १६५३चा; आई वारली १६५७ साली. चार वर्षांचे पोर मकबरा काय बांधणार? मोठेपणी डागडुजी केली असेल, ते निराळे. बांधून घेणारा औरंगजेबच. पण मी बोललो नाही, कारण मावशीला ती गोष्ट आवडली होती.

आत गेलो. कबर खालच्या अंगाला आहे. वरच्या कठड्यावरून वाकून पाहायचे. संगमरवराची अष्टकोनी जाळी, तिच्यात फुलावेलींची नक्षी, आणि मधोमध एवढीशी कबर. भोवती लोकांनी टाकलेली नाणी. वाटाड्याने आवाज उतरवला. सप्टेंबरात शहाजादा अकबर जन्मला; महिना भरायच्या आत, ऑक्टोबरात, आई गेली.

मावशीने कठडा घट्ट धरला. ती काही बोलली नाही, पण मला कळले. माझी आई गेली तेव्हा मी अठरा दिवसांचा होतो. बाळंतरोग झाला, मांजरा दुथडी भरून वाहत होती, आणि डॉक्टरकडे जाणारी बैलगाडी अलीकडच्या काठावरच राहिली. बारा वर्षांच्या मावशीच्या मांडीवर मला ठेवून मोठी माणसे आईला घेऊन गेली. तिचा एक फोटोही नाही.

थोड्या वेळाने मावशीने विचारले, "दादा, बीबी म्हंता ते ठीक. हिचं माहेरचं नाव काय हो?"

वाटाड्या क्षणभर थबकला. इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. मग म्हणाला, "माँजी, दिलरसबानू. मागून राबिया-उद्-दौरानी म्हणू लागले. आता सगळी दुनिया बीबी म्हणते."

"दिलरस," मावशी हळूच म्हणाली, आणि कनवटीचे एक नाणे काढून तिने खाली सोडले.

परतीच्या गाडीत तिने दशम्या सोडल्या. मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकलो होतो. आमच्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितात. जुने तिथेच तांदळांत मिसळून जाते. माझ्या आईचे सासरचे नाव मला कागदांवरून ठाऊक होते. घरात दुसरी आई आल्यावर तेही कुणी उच्चारीत नसे. माहेरचे नाव विचारायचे मात्र मला साठ वर्षांत सुचले नव्हते. इजिप्तच्या राणीचे मात्र तोंडपाठ!

परभणी मागे पडली, तेव्हा मी विचारले.

मावशीने माझ्याकडे पाहिले. "तुला म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. मग तिने सांगितले. एका फुलाचे नाव होते. लहानपणी भांडण झाले की ती तेच नाव तोडून हाका मारायची, तेही तिने करून दाखवले, आणि समोरच्या बाकावरची पोरे हसू लागली.

पूर्णा येईपर्यंत मी तिच्याकडून ते आणखी दोनदा म्हणवून घेतले.