चाकांवरच्या घराची जमीन

न्यूझीलंडमध्ये पाऊल टाकण्याआधी पावलाखालचं दाखवावं लागतं. डोंगर चढायचे बूट सोबत असतील तर अर्जावर तसं लिहायचं. मग विमानतळावरचा माणूस ते उलटे करून तळव्यांच्या खाचा बघतो. बाहेरची माती, तिच्यातलं बी, बुरशी देशात शिरायला नको. मी पुण्याहून बूट घासूनपुसून नेले होते, म्हणून लगेच सुटले. क्राइस्टचर्चला दादा आणि वहिनी घ्यायला आले होते, आणि गाडीत बसेपर्यंत त्यांचं चालू असलेलं भांडण माझ्या कानावर आलं होतं.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याने जुनी मोटारहोम घेतली होती. तिच्यातलं आधीच्या मालकाचं कार्पेट पार झिजलेलं. ते उपटायचं, यावर दोघांचं एकमत; त्या जागी काय घालायचं, यावर अजिबात नाही. दादाला नवं कार्पेट हवं होतं, वहिनींना व्हिनाइल. "तू तिऱ्हाईत आहेस, तूच बघ आणि सांग," असं म्हणून वहिनींनी मला पंच नेमलं.

एप्रिलचा शेवट, म्हणजे तिकडचा शरद. कँटरबरीच्या सपाटीवरून पश्चिमेला निघालो. न्यूझीलंड म्हटलं की मेंढ्या, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं; पण रस्त्याच्या कडेला मला गाईच जास्त दिसल्या. 1982 साली या देशात सात कोटींवर मेंढ्या होत्या, आता त्या अडीच कोटींच्या आत आल्या आहेत. इथली बरीचशी लोकर जाड धाग्याची. ती स्वेटरला नाही, कार्पेटला जाते. नायलॉनचं स्वस्त कार्पेट आलं आणि या लोकरीचा भाव असा पडला की मेंढी भादरायचा खर्चही निघेना. "म्हणून तरी लोकरीचं कार्पेट घ्यावं," दादा म्हणाला. शेतकऱ्यांचा कळवळा त्याला नेमका आत्ताच आला होता.

टेकापोचं तळं समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर आहे. काठावरचं 1935 सालचं दगडी चर्च आणि दुधाळ निळं पाणी फोटोंत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. रात्रीच्या आकाशासाठी हा सगळा भाग 2012पासून राखीव आहे, म्हणून आम्ही मध्यरात्री उठलो. थंडी शून्याखाली गेली होती. मोटारहोमची जमीन म्हणजे प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये फोम. त्याच्याखाली मोकळा वारा. कार्पेट जिथे फाटलं होतं तिथे माझा अनवाणी पाय पडला आणि झोप खाडकन उडाली. दादा अंधारातच म्हणाला, "कळलं?" ही फेरी त्याची, हे मान्य करायला हवं. शिवाय कार्पेट आवाज गिळतं. खडीच्या रस्त्यावर खालून दगड ताडताड आपटतात. कार्पेट शाबूत होतं तिथे तो आवाज बराच दबलेला असायचा.

लिंडिस खिंड ओलांडून वानाकाला गेलो, आणि तिथून हास्टच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता पुरा जोडला गेला तो 1965 साली. पलीकडे उतरलं की जगच बदलतं. पिवळं गवत संपून नेच्यांचं ओलं जंगल सुरू होतं, वर धबधबे आणि खाली चावऱ्या सँडफ्लाय माश्या. होकिटिकाला वर्षाला 2,900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा आपल्या कोकणाच्या जवळपासचा, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत संपतो; तिथे बाराही महिने पडत राहतो. गाडीतून उतरायचं, भिजायचं, माश्यांमुळे घाईघाईने आत घुसायचं, बूट काढायला फुरसत नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडीत पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीसारखा वास यायला लागला. वहिनींनी दाराजवळचा कोपरा उचलून दाखवला. खालचं प्लायवूड काळं पडलं होतं, अंगठ्याने दाबलं तर किंचित दबत होतं. कार्पेटचा खरा दोष मला तिथे दिसला. ते भिजतं एवढंच नाही, गळती लपवून ठेवतं. छतातून किंवा नळाच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर जमीन मऊ होईपर्यंत पत्ता लागत नाही.

नदीकाठी एक पाटी होती: तपासा, धुवा, वाळवा. दिडिमो नावाचं शेवाळ एका नदीतून दुसरीत जाऊ नये म्हणून. मासेमारीच्या बुटांना नमद्याचे तळवे असायचे; ते ओल धरून ठेवतात, म्हणून 2008 साली त्यांच्यावर बंदी आली. वहिनींनी ती पाटी दादाला दोनदा वाचायला लावली.

मुक्कामाच्या जागी शेजारच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मभर मेंढ्या भादरलेले. आमचा वाद ऐकून ते आपणहून आत आले आणि गुडघ्यावर बसले. त्यांनी एकदा लाकडी लॅमिनेट घातलं होतं. पाणी लागून ते कडांना फुगलं आणि वजनही फार. मोटारहोममध्ये पाणी, गॅस, माणसं सगळ्यांचं वजन एका मर्यादेत बसवायचं असतं, त्यामुळे जमिनीवर किलो खर्च करणं त्यांना पटत नव्हतं. व्हिनाइलच्या फळ्याही बंद गाडीत उन्हाने प्रसरण पावतात, कडेला फट सोडली नाही तर उचलतात. त्यांचा सल्ला: सांधा नसलेलं अखंड व्हिनाइल, आणि वर कडा शिवलेले लोकरीचे सुटे तुकडे, टिचबटणांनी बसवलेले. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल शोषते तरी हाताला ओली लागत नाही, आणि हे तुकडे बाहेर नेऊन झटकता येतात.

मी निकाल तिथेच दिला. घरात असते तर कदाचित कार्पेट म्हटलं असतं. पण जिथे दारापासून बिछान्यापर्यंत पाच पावलं, आणि त्या पाच पावलांतच स्वयंपाक, चिखल आणि अंघोळ, तिथे पुसता येणारी जमीनच हवी. ऊब वरून अंथरता येते. दादाने अपील केलं: पुढे चालकाच्या पायाशी कार्पेट राहूच दे, इंजिनाचा आवाज तिथूनच येतो. ते मी मंजूर केलं.

आर्थर्स पासच्या चढावर वाद रंगावर आला होता. गडद व्हिनाइलवर धूळ दिसते म्हणे, आणि फिक्यावर केस. यात मात्र मी पडले नाही. बाहेर केआ पोपट एका उभ्या गाडीच्या काचेचं रबर उचकटत होते, ते बघत बसले.