पर्वत पाटियातला एक रविवार



धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा शिकवताना एक गोष्ट दरवर्षी लक्षात येते. चोरी, खोटं बोलणं, आईवडिलांचा मान याविषयी मुलं भरभरून बोलतात. तिसऱ्या आज्ञेपाशी मात्र वर्ग गप्प होतो. प्रभूचा दिवस पवित्र पाळायचा म्हणजे काय, असं विचारलं की "रविवारी मिस्साला यायचं" एवढं उत्तर येतं आणि आपण चौथीकडे वळतो.

पण बायबल उघडून पाहा. चोरीची आज्ञा एका छोट्याशा वचनात संपते. विसाव्याची आज्ञा निर्गमच्या विसाव्या अध्यायात चार वचनं चालते आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायातही चार वचनं. तिथे चक्क यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका. या सगळ्यांना विसावा मिळाला पाहिजे. अनुवादात त्याचं कारणही सांगितलं आहे. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. गुलामाला सुट्टी नसते, हे ज्याने सोसलं त्यानेच आता दुसऱ्याला सुट्टी द्यायची आहे.

ही यादी मी अनेक वर्षं शिकवते आहे. गेल्या जानेवारीत पर्वत पाटियाला घालवलेल्या एका रविवारी ती माझ्यासमोर माणसांच्या रूपात उभी राहिली.

सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पर्वत पाटिया हा शहराच्या पूर्वेकडचा भाग. तिथे डोंगर शोधू नका, कारण पर्वत हे जुन्या गावाचं नाव आहे. आपण ज्याला गावाचा फाटा म्हणतो त्याला गुजरातीत पाटिया म्हणतात, म्हणजे मोठ्या रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी लागते ती जागा. डोंगर तर सोडाच, इथली जमीन इतकी सखल की पावसाळ्यात खाडी भरली की पाणी घराघरांत शिरतं. आता गाव शहरात विरून गेलं आहे आणि आजूबाजूला कापडाच्या धंद्यावर जगणारी वस्ती उभी आहे. एरवी कापडाचे ताके आणि गठ्ठे भरलेले टेम्पो रस्त्यात कोंडी करून उभे असतात. रविवारी कापड मार्केट बंद असतं, तेच टेम्पो कडेला झोपून असतात आणि रस्त्याचा आवाज पार उतरतो. पायी हिंडायला याच्यासारखा दिवस नाही.

सकाळची मिस्सा आटोपून मी सिटी बसने तिथे उतरले. आमच्या धर्मग्रामातल्या एका वहिनींनी "टीचर, एकदा दिवसभरासाठी या" असा आग्रह धरला होता. त्या मूळच्या नंदुरबारकडच्या. तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातून पिढ्यान्पिढ्या माणसं इथे पोटासाठी आली, त्यांतलंच हे एक घर. त्यांची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करते आहे.

'जेवण सुरतेचं आणि मरण काशीचं' ही म्हण गुजरातेत सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे दिवसाची सुरुवात खाण्यानेच झाली. कोपऱ्यावरच्या गाडीवर लोचो घेतला. हरभऱ्याच्या डाळीचं आंबवलेलं पीठ वाफवतात, पण खमणासारख्या त्याच्या नीट वड्या पडत नाहीत. उलथन्याने तो मऊ गोळा कागदी बशीत काढायचा, वर तेल, शेव, कांदा आणि हिरवी चटणी. खमण बिघडलं आणि त्यातून लोचो झाला, असं लोक सांगतात. मराठीत 'लोचा झाला' म्हणजे काय ते सांगायला नको! बिघडलेल्या गोष्टीलाही सुरतकरांनी ताटात मानाने वाढलं, हे मला आवडतं.

मग आम्ही तिघी गल्ल्यांतून हिंडलो. इथे राजस्थानी कुटुंबं खूप आहेत. आई माता रोडवर सीरवी समाजाच्या आई माताचं मंदिर आहे, तिचं मूळ स्थान जोधपूरकडचं बिलाडा. 'आई' हा शब्द पाटीवर वाचून मराठी माणसाचं पाऊल थांबतंच. एका दुकानात मिरची वडे आणि कांद्याची कचोरी तळली जात होती, पलीकडच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या अहिराणीत बोलत ऊन खात होत्या, आणि गच्च्यांवर उत्तरायण सरलं तरी पतंग होतेच. कुणालाच घाई नव्हती.

दुपारी वहिनींकडे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. खानदेशी बट्टी आधी वाफवतात, मग तिचे तुकडे करून तुपात नाहीतर तेलात तळतात. शेजारच्या भाभी राजस्थानच्या. त्यांच्याकडे निखाऱ्यावर भाजतात ती बाटी. दोन बहिणी दोन गावी दिल्या असाव्यात तशा या बट्टी आणि बाटी. जेवून दादांनी तिथेच चटई टाकली आणि पाच मिनिटांत घोरू लागले. ते कपडा रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला आहेत.

त्या झोपलेल्या माणसाकडे पाहून मला वाटलं, हा रविवार त्यांना कुणी सहज दिलेला नाही. रविवारची सुट्टी इंग्रजांबरोबर आपोआप आली, असा अनेकांचा समज असतो. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना ती मुळीच नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून काही वर्षं ती मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, म्हणून तो कामगारांना आपला वाटला. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या 'रेरुम नोवारुम' या पत्रात विसाव्याच्या दिवसाचा आग्रह धरला. ते आणि लोखंडे एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांची मागणी एकच होती. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी लिहिली गेली.

पण कायदा कारखान्याच्या दारापाशी थांबतो, घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. हे मला दुपारी दिसलं.

संध्याकाळी फिरायला निघू तेव्हा शेजारच्या भाभींनाही घेऊ, असं वहिनी म्हणाल्या. आम्ही त्यांच्याकडे डोकावलो तर त्या जमिनीवर वाकून बसल्या होत्या आणि पुढे साड्यांचा गठ्ठा होता. भरतकामाच्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबतात, ते छोट्या कात्रीने एकेक करून कापायचे असतात. त्याला इकडे धागा कटिंग म्हणतात. सुरतेच्या वस्त्यांत हजारो बायका घरी बसून हे काम करतात. मोबदला साडीमागे मिळतो. माल सोमवारी सकाळी द्यायचा होता. "मेरा संडे तो मंगलवार को भी नहीं आता," भाभी हसून म्हणाल्या आणि कंबरेला हात लावून पुन्हा वाकल्या.

वहिनींनी काही न बोलता घरून दोन कात्र्या आणल्या. मी एक घेतली. भाभी म्हणाल्या, "दीदी, आप तो मेहमान हो." पण तोवर आम्ही बसलो होतो. वहिनींच्या मुलीने मात्र कात्री हातात घेऊन मला विचारलं, "टीचर, आज रविवार आहे. हे काम नाही का?"

प्रश्न बरोबर होता आणि तो मीच तिला शिकवला होता. मी तिला लूकच्या तेराव्या अध्यायातली गोष्ट सांगितली. एक बाई अठरा वर्षं कंबरेत वाकलेली होती, तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. प्रभू येशूने शब्बाथाच्या दिवशी, भर सभास्थानात तिला बरं केलं. सभास्थानाचा अधिकारी रागावला, की बाकीचे सहा दिवस पडलेले नाहीत का? तेव्हा येशूने त्यांना विचारलं, की तुम्ही आपला बैल शब्बाथाच्या दिवशी सोडून पाण्यावर नेता, मग अब्राहामाच्या या लेकीला तिच्या बंधनातून सोडवायचं नाही? मुलीने भाभींच्या पाठीकडे पाहिलं आणि कात्री चालवायला सुरुवात केली. मला आणखी काही समजवावं लागलं नाही.

चार जणींनी दोन तासांत गठ्ठा संपवला. संध्याकाळी भाभी आमच्याबरोबर चालत होत्या. रविवारी रिकाम्या हातांनी या रस्त्यावर आल्याला किती महिने झाले ते आठवत नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही कचोरी खाल्ली, मग सुरतेचा दाट, थंडगार कोको प्यालो. पैसे त्यांनीच दिले, आम्हाला पाकिटाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा नवा गठ्ठा असणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दोन तासांच्या मदतीने साडीमागचा दर वाढत नाही. तो प्रश्न मोठा आहे, आणि लोखंड्यांसारख्या माणसांची वाट पाहतो आहे. पण आज्ञेच्या त्या यादीतलं एक नाव तरी त्या संध्याकाळी वाचलं गेलं.

यादीविषयी आणखी एक गोष्ट. मुलगा, मुलगी, दास, बैल सगळे आहेत, पण तिच्यात बायको नाही. अभ्यासक सांगतात, की 'तू' या शब्दातच नवरा-बायको दोघंही आली. ते खरं असेल. आपल्या घरात मात्र तसं चालतं का, हे रविवारच्या दुपारी पाहावं. सगळे जेवून आडवे होतात तेव्हा भांडी कोण घासतं? शनिवारी रात्री टेलरकडे "उद्या हवंच" म्हणून टाकलेला ब्लाउज कोण शिवत बसतं? येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर जरूर हिंडा, चांगलं खा, ऊन अंगावर घ्या. आनंद हीसुद्धा देवाची देणगी आहे. निघण्याआधी फक्त एका दारात डोकावा आणि तिथे कोण वाकून बसलं आहे ते बघा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू थकलेल्यांना आपल्याजवळ बोलावलंस. आमचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर टेकलेला असेल तर ते आम्हाला दाखव. आमच्या हातांना त्यांचं ओझं उचलायला शिकव, म्हणजे तुझा दिवस आम्हा सर्वांचा होईल. आमेन.