नथीची ओळख करून दे

नोएडा, मार्गशीर्ष

चि. सौ. कां. छकुलीस,


फोटोग्राफरने पाठवलेली यादी तू मला पुढे पाठवलीस, ती नीट वाचली. लग्नाच्या सकाळी डिटेल शॉट्ससाठी काय काय तयार ठेवायचं, ते त्यात आहे: अंगठ्या, सँडल, अत्तराची बाटली, पत्रिका, लेहंगा, कलिरे. यादी चांगली आहे, पण ती दुसऱ्याच लग्नाची आहे. तुझा मुहूर्त सकाळचा, मंगलाष्टकांचा, आणि त्या यादीत ना मुंडावळ्या आहेत, ना अंतरपाट, ना नथ. यात त्या मुलाचा दोष नाही. दिल्लीत त्याने रात्रीचे फेरे आणि वराती टिपल्या आहेत. समोर ठेवलेल्या मोत्यांच्या दोन सरी कपाळावर बांधायच्या असतात, हे त्याला कुणी सांगितलं तरच कळणार. म्हणून आपली यादी आपणच करायची, आणि प्रत्येक वस्तूची त्याला ओळख करून द्यायची.

आधी वेळेचं बघ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्यात धुकं. अकराचा मुहूर्त म्हणजे तू आठला नटायला बसणार, आणि नटायला बसलीस की दागिने एकेक करून अंगावर चढणार. तेव्हा वस्तूंचे फोटो त्याआधी उरकायला हवेत. साडेसातला सगळं एका खिडकीशी मांडून ठेवलेलं असू दे. धुक्याची चिंता करू नकोस. धुक्यातून येणारा उजेड मऊ असतो, सोन्यावर आणि मोत्यांवर चकाकीचे डाग पडत नाहीत. खोलीतले पिवळे दिवे मात्र बंद करायला सांग, नाहीतर मोती पिवळट दिसतात.

तयारी चार-पाच दिवस आधी सुरू कर. मॅक्रो लेन्स काही लपू देत नाही: किमतीचं चिकटलेलं लेबल, फॉल-पिकोचा लोंबता दोरा, सोन्यावरचे बोटांचे ठसे. नथीची काळजी सगळ्यात जास्त. मोती हा मुळात कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबट लागलं की त्याची झिलई जाते. लिंबू, चिंच, व्हिनेगर काही लावायचं नाही. मऊ ओलसर फडक्याने पुसायचं आणि सुकू द्यायचं. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, नथ सगळ्यात शेवटी. ठुशी-चिंचपेटीत कुठे लाख भरलेली असेल तर ती पाण्यात बुडवू नकोस. चांदीची अन्नपूर्णा, करंडा, कुंकवाची कोयरी रांगोळीने घासू नकोस, ओरखडे फोटोत दिसतात. हे तुला सुचणार नाही म्हणून सांगते: थंडीत लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात चांदी ठेवू नकोस, आणि तिच्या पुडीला रबर बँडही लावू नकोस. लोकरीतला आणि रबरातला गंधक चांदी काळी करतो. दिल्लीच्या दरीबा बाजारातून उजळून आणलेली चांदीसुद्धा त्यामुळे पुन्हा काळवंडते.

मात्र आजीच्या पाटल्यांना पॉलिश करायला कुणी म्हणालं तर नको म्हण. त्यांच्या कडा झिजल्या आहेत त्या रोजच्या कामाने. ती झीज फोटोत यायला हवी. ती घालवलीस तर पाटल्या नव्या दिसतील, पण आजीच्या राहणार नाहीत.

पैठणीला हँगर नको, जरीच्या वजनाने कापड ओढलं जातं. ती मलमलीत गुंडाळून ठेव आणि आदल्या दिवशी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाल. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. फोटोग्राफरला पदराची उलटी बाजूही दाखव. हातमागावरच्या अस्सल येवल्याच्या पदराचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. विणकराचं कसब त्याच बाजूला कळतं, आणि तिचा फोटो कुणी काढत नाही.

हिरव्या चुड्याचं आताच ठरव. इथे दारात कासार येणार नाही. बांगड्या पुण्याहून तुळशीबागेतून मागव, मापाच्या आणि थोड्या जास्तीच्या, कारण प्रवासात फुटतात. हिरव्या बांगड्यांच्या मधे पाटल्या, तोडे कसे घालायचे ते आधी हातावर लावून बघ, म्हणजे मांडणीतही तोच क्रम ठेवता येईल. सासरच्यांनी पंजाबी चुड्याची हौस बोलून दाखवली आहे. तीही आनंदाने पुरव. त्यांच्याकडे तो चुडा मामाकडून येतो, आधी दुधात ठेवतात, आणि नवरीने तो आधी बघायचा नसतो. म्हणून त्याचा फोटो कधी आणि कसा काढायचा, हे तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना विचारून ठरव. त्यांचा चुडा आणि आपला चुडा एका फोटोत आले तर मला फार आवडेल. तुझं लग्न खरोखर तसंच आहे.

मांडणीत एक गोष्ट मी हट्टाने सांगणार आहे. फोटोग्राफर सगळं एका पाटावर ठेवायला बघेल: पत्रिका, सँडल, अंगठ्या, मंगळसूत्र. सँडलचा फोटो अवश्य काढू दे, पण वेगळा. गौरीहराची अन्नपूर्णा, मुंडावळ्या, मंगळसूत्र यांना स्वच्छ पाट आणि त्यावर एखादं धूतवस्त्र हवं. अंतरपाट इस्त्री करून ठेव, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक पूर्ण सुकलेलं असू दे, आणि खिडकीशी दोघींनी धरून त्यातून येणारा उजेड टिपायला सांग. हळदकुंकू पैठणीपासून दूर ठेव. मंगळसूत्र वरपक्षाकडून येणार, तेव्हा ते कोण आणणार आणि कोण परत नेणार ते आधी बोलून घे. सगळ्या दागिन्यांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे, तुझ्या आत्याकडे. मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. तिने फोटोग्राफरजवळून हलायचं नाही. गजरा मात्र आयत्या वेळी. थंडीत इथे मोगरा मिळणं कठीण; गाझीपूरच्या फुलबाजारात निशिगंध आणि शेवंती मिळतील, त्यावर भागव.

हा एवढा खटाटोप कशाला, असं तू विचारशील. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अलंकार' नावाचं दालन आहे. तिथे दागिना सुरेख ठेवलेला असतो आणि खाली पाटी असते: प्रांत, शतक, धातू. तो कुणी घातला, कुणी कुणाला दिला, हे बहुतेक पाट्यांवर नसतं, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. आपल्या घरातही असंच होतं. दागिना मुलीकडे जातो, गोष्ट वाटेत गळून पडते. अशा गोष्टी जपणाऱ्याही असतात. 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीत तालकटोऱ्याला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर होत्या. बायकांच्या ओव्या, गाणी, कहाण्या यांतलं शहाणपण त्यांनी आयुष्यभर गोळा केलं. तशा बाईंना जे थोर वाटलं, ते तुझ्या आजीजवळही आहे. तिला आता थोडं विसरायला होतं, पण नथ हातात दिलीस की बरंच आठवतं.

तेव्हा या आठवड्यात एकदा तिच्याजवळ बस. एकेक वस्तू तिच्या हातात दे, कुठून आली, कुणी घडवली, कुणाकडून कुणाकडे गेली ते विचार आणि फोनवर तिचा आवाज भरून घे. मग प्रत्येक वस्तूबद्दल चार ओळी लिही. तो कागद फोटोग्राफरला दे, म्हणजे कशाला किती जवळून बघायचं ते त्याला समजेल, आणि नंतर त्याच ओळी अल्बमात त्या त्या फोटोखाली छापून घे. जिथे आजीला नावं आठवणार नाहीत तिथे मला विचार. आपल्या नागपूरकडच्या नातेवाइकांची मला चांगली माहिती आहे. फोटोग्राफरला आजच कळव: सकाळी साडेसात, आणि आपली यादी.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी