शून्यावरचं मिड

अॅम्पवर ‘मिड’ लिहिलेलं बटण मी सलग अकरा वर्षं शून्यावर ठेवून वाजवलं. बेस दहावर, ट्रेबल आठवर आणि गेन फिरेल तिथपर्यंत. कुणी नवा अॅम्प घ्यायला निघालं आणि माझा सल्ला विचारला, की माझा एकच प्रश्न असायचा : गेन किती आहे? क्लीनही चांगला वाजतो, ब्लूजलाही चालतो आणि मेटललाही, असा अष्टपैलू अॅम्प मला पाणी घातलेल्या दुधासारखा वाटायचा. मेटल वाजवणाऱ्याने मेटलचाच अॅम्प घ्यावा, हे मी कितीतरी मुलांना छातीठोकपणे सांगितलं आहे. म्हणून माझं मत बदललं आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणं मला भाग आहे.

या मताचा जन्म कोथरूडच्या एका खोलीत झाला. साल २००६, दहा वॅटचा सरावाचा अॅम्प, रात्री अकराची वेळ, पलीकडे आईबाबा झोपलेले. आवाज जेमतेम खोलीपुरता. त्यात मिड काढून टाकलं की गिटार एकदम भरदार लागायची. कारण आज कळतं. आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले जास्त. त्यामुळे ती दोन टोकं वाढवली की कानाला बरं वाटतं. आवाज चढत जातो तसा कानाचा हा भेद कमी होतो. पण मी चढवतच नव्हतो. एकट्याने, हळू आवाजात ठरवलेला टोन मी कायमचा मनात पक्का करून ठेवला.

मग ३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका ऐकली. उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवून वाजवलेला प्रत्येक ठोका छातीवर येऊन आदळत होता. परतीच्या गाडीत रात्रभर झोप लागली नाही. मला वाटलं, हे सगळं गेनमुळे आणि वॅटमुळे. पुढची दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला काढले आणि १२० वॅटचं एक जुनं, व्हॉल्व्हचं हेड घेतलं. सोबत बारा इंची चार स्पीकरचा कॅब. तो चाळीसेक किलोचा डबा दोघांनी उचलून टेम्पोत चढवला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या अॅम्पवर आमचा बँड चार वर्षं वाजला. २०१७ मध्ये एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ड्रमरच्या धाकट्या बहिणीने फोनवर केलं होतं. जॅमरूममध्ये आम्ही सगळे ते ऐकायला बसलो. ड्रम ऐकू येत होते, बेस ऐकू येत होता, गायक ऐकू येत होता. माझ्या जागी झांजांच्या मागे एक सुरसुर चालू होती. ती मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, “दादा, या गाण्यात तू थांबला होतास का?”

मी थांबलो नव्हतो. त्या गाण्यातला सगळ्यात अवघड रिफ वाजवत होतो.

तरीही मी दोष अॅम्पलाच दिला. त्यातून अधूनमधून शिट्टीसारखा आवाजही यायचा, म्हणून एका शनिवारी हेड घेऊन बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. काकांचं अर्धं आयुष्य व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं. मेटल हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. आधी त्यांनी आतले मोठे कपॅसिटर रिकामे केले, कारण वायर काढल्यावरही त्यांत जीव घेण्याइतका दाब उरतो. आत सगळं पाहून, झाकण पुन्हा लावून अॅम्प चालू केला, गेन चढवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका छोट्या व्हॉल्व्हवर हलकेच टकटक केली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व्हॉल्व्हवर स्पीकरमधून नुसती ‘टक’ आली. पहिल्यावर घंटेसारखी किणकिण झाली आणि ती वाढत वाढत शिट्टी बनली. “हा मायक्रोफोन झालाय,” काका म्हणाले. “याच्यात जे शिरेल ते पुढचे सगळे वाढवत नेतात. बदलून देतो.”

बदलल्यावर मला म्हणाले, वाजवून दाखव. मी वाजवलं. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं, मग विचारलं, “एवढा बेस आधीच कशाला घालतोस? आवाज फाडायचाच आहे ना तुला? मग फाडायच्या आधी त्यातला बेस काढ. फाटून झाल्यावर हवा तेवढा घाल.”

आपल्याकडे आवाज फाटणं ही तक्रार असते. लाउडस्पीकर फाटतो, रेडिओ फाटतो. मेटलचा सगळा डोलारा मात्र या फाटण्यावर, म्हणजे डिस्टॉर्शनवर, उभा आहे, आणि तो नीट कसा फाडावा हे मला एका रेडिओवाल्या काकांनी सांगितलं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, ट्युनिंग खाली उतरवलं तर त्याहूनही खाली. हे जड सूर एकामागून एक गेनच्या टप्प्यांत शिरले की तिथली सगळी जागा तेच खातात, बाकीचं त्यांच्याखाली चेंगरतं आणि आवाजाचा चिखल होतो. म्हणून चांगल्या हाय-गेन अॅम्पमध्ये दोन टप्प्यांच्या मध्ये छोटे कपॅसिटर बेस अडवून धरतात. म्हणूनच कितीतरी मेटल गिटारिस्ट अॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर नावाचं पेडल लावतात, त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून. ते पेडल मधला भाग पुढे आणतं आणि खालचा आवरतं. डिस्टॉर्शन असलेल्या अॅम्पला आणखी डिस्टॉर्शनचं पेडल कशाला, असं मी वर्षानुवर्षं म्हणत होतो.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा मेटॅलिकाचा १९८६ चा अल्बम मेसा बूगीच्या मार्क टू-सी प्लसवर वाजवलेला आहे. त्या अॅम्पवर पाच पट्ट्यांचा इक्वलायझर असतो आणि त्यातली ७५० हर्ट्झची मधली पट्टी खाली ओढून इंग्रजी ‘व्ही’चा आकार करायची रीत आहे. माझं शून्यावरचं मिड त्या ‘व्ही’ची नक्कल होती. पण त्या अॅम्पमध्ये बेस-ट्रेबलची बटणं फाटण्याच्या आधी येतात आणि ‘व्ही’ नंतर. जाणकार तिथे बेसचं बटण जवळजवळ बंद ठेवतात. मी ‘व्ही’ तेवढा पाहिला, बेसच्या बटणाकडे पाहिलंच नाही. शिवाय अल्बममध्ये एकच रिदम गिटार दोनदा, कधी त्याहूनही जास्त वेळा वाजवून एकावर एक चढवतात. आपल्याला जो प्रचंड गेन वाटतो, तो पुष्कळदा बेताच्या गेनच्या अनेक गिटारी असतात.

गेन कमी करायचं धैर्य मला माझ्या आत्याने दिलं, तिच्या नकळत. ती गाते. तिचा तानपुरा मिरजेचा आहे. त्या दिवाळीत ती जवारीचा दोरा सरकवत बसली होती, घोडीवर, तारेखाली, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. एका जागी तार नुसती झणझणली, सूर हरवला. थोडं मागे घेतल्यावर तीच तार उमलल्यासारखी बोलायला लागली. “झणकार सुरातून आला पाहिजे,” ती म्हणाली, “सुराला झाकून नाही.” मी घरी येऊन गेन नऊवरून पाचावर आणला, मिड सहावर नेलं. पहिले दोन दिवस उघड्यावर आल्यासारखं वाटलं, कारण डाव्या हाताच्या सगळ्या चुका ऐकू यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी बँडबरोबर वाजवलं आणि ड्रमरने वाजवता वाजवता मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तिथून ‘अष्टपैलू’ या शब्दाबद्दलचं माझं मत पालटलं. गेन खाली आणून वाजवल्यावर ज्या अॅम्पमध्ये काही शिल्लक राहतं, तोच गेन चढवल्यावरही नीट बोलतो. क्लीन चॅनेल ही माझ्यासाठी आता अॅम्पची खरी परीक्षा आहे. मेटलला तरी एकच आवाज कुठे पुरतो? ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्याच्याच मध्यावर सगळं थांबतं आणि गिटार स्वच्छ, हळवी होते. ओपेथ या बँडची गाणी तर या चढउतारावरच उभी आहेत. माझ्या जुन्या हेडवर अशी जागा आली की मी गिटारचा व्हॉल्यूम खाली करायचो आणि आवाज मळकट व्हायचा. ती जागा मी कितीतरी वर्षं टाळली, आमच्या गाण्यांत येऊच दिली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

व्हॉल्व्हचा हट्टही सुटला. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलने रँडलच्या ट्रान्झिस्टर अॅम्पवर आपला धारदार आवाज घडवला. मेटॅलिकाने स्वच्छ आवाजासाठी रोलँडचा जॅझ कोरस वापरला, तोही ट्रान्झिस्टरच. व्हॉल्व्ह मला आजही प्रिय आहेत, पण व्हॉल्व्ह नाही म्हणून मी कुणाला अडवणार नाही.

आज माझ्याकडे तीन चॅनेलचं, पन्नास वॅटचं ५१५० थ्री आहे. हे नाव एडी व्हॅन हेलनच्या पहिल्या ५१५० चं, जो पीव्हीने १९९२ मध्ये काढला. तो मेटलसाठी बनवलेला नव्हता, तरी मेटलवाल्यांनी आपलासा केला. शंभर आणि पन्नास वॅटमध्ये फरक फक्त तीन डेसिबलचा असतो, त्यामुळे मला कुठेही कमी पडलेलं नाही. जुनं हेड मी एका होतकरू मुलाला विकलं. विकताना बेसचं बटण तीनवर ठेवून दिलं आणि तसं का ठेवलंय, तेही समजावून सांगितलं.

तुम्ही अॅम्प घ्यायला जाणार असाल तर स्वतःची गिटार न्या. आधी क्लीन वाजवा, मग गेन निम्म्यावर ठेवून वाजवा, गिटारचा व्हॉल्यूम तीनवर आणून काय उरतं ते ऐका. दुकानात मोठ्याने वाजवायला संकोच करू नका, हळू आवाजात अॅम्प कळत नाही. आणि जमलं तर तुमच्या बँडमधल्या बेस वाजवणाऱ्याला बरोबर घेऊन जा. तो वाजवत असताना तुमची गिटार ऐकू आली, तरच पैसे द्या.