शोकेसमधला रिकामा खण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एक वहिनी आमच्या शोकेससमोर थबकल्या. "बाई, ह्या कॅसेटी कसल्या हो? गाण्याच्या?"

"नाही, खेळाच्या. टीव्ही गेमच्या."

"अगंबाई! आणि हा मधलाच एक खण रिकामा कसा? पडली की काय कुठे?"

"नाही, परत दिली," एवढंच म्हणाले आणि तिळगूळ पुढे केला. बायकांच्या गर्दीत पूर्ण गोष्ट कुठे सांगणार? पण तेव्हापासून मनात घोळतेय, म्हणून आज लिहायला बसले.

गोष्ट सुरू होते १९९३ च्या दिवाळीत. हे तेव्हा बजाजमध्ये होते. बोनस हातात पडला तसे मला न सांगता पिंपरी कॅम्पात गेले आणि मुलासाठी टीव्ही गेम घेऊन आले. मी शाळेत मराठी शिकवणारी, घरात अभ्यासाचं वातावरण असावं म्हणून धडपडणारी. मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा. दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नव्हते.

त्या काळात घरोघर आलेली ही यंत्रं म्हणजे बहुतेक सगळी एका जपानी यंत्राच्या नकला, हे मला आत्ता कळलं. निन्टेंडो नावाच्या कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' बाजारात आणला, त्याच्या. आणि गंमत म्हणजे ही कंपनी मुळात १८८९ पासून क्योटोमध्ये पत्ते बनवायची! मुलांना पत्ते कुटू नका म्हणणारी मी, शेवटी पत्तेवाल्यांनीच माझं घर गाठलं.

आपल्याकडे त्या खेळांना कुणी कार्ट्रिज वगैरे म्हणत नसे. कॅसेटच म्हणायचे. आकार साधारण गाण्याच्या कॅसेटसारखाच, आणि रंग पिवळे, लाल, निळे, काळे. मुलं शाळेतून आली की दप्तर फेकून आधी एकमेकांच्या घरी कॅसेट बदलायला पळत. मारिओ देऊन रणगाड्यांचा खेळ आणायचा, तो देऊन कॉन्ट्रा. प्राधिकरणातल्या आमच्या दोन-तीन इमारतींत ही देवघेव बिनबोभाट चाले. आम्हाला शाळेच्या वाचनालयाला दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही असं सगळं लागायचं. ह्या पोरांना काही लागत नव्हतं. कुणाची कॅसेट कुणाकडे आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असे.

जून १९९५. चिरंजीव दहावीत गेले. पहिल्याच घटक चाचणीत गणितात आपटले. त्या संध्याकाळी मी यंत्र, रिमोट, बंदूक आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या कॅसेटी गोळा केल्या. तो मागे मागे येत होता. "आई, त्यातली एक माझी नाहीये. कॉन्ट्रा माझ्या मित्राची आहे. मला उद्या परत द्यायचीय."

मी म्हटलं, "बहाणे सांगू नकोस."

पंचवीस वर्षांहून जास्त नोकरीत हे वाक्य मी किती पोरांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. बहुतेक वेळा ते बरोबरही असे. हे म्हणाले, "अगं, एकदा बघून तरी घे." मी बघितलं नाही. सगळं पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा माळ्यावर गेला.

दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं. मुलाने डबा पुन्हा मागितला नाही आणि मीही विसरून गेले. ह्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं. माळ्याच्या भिंतीला ओल आली होती म्हणून सगळा पसारा खाली घेतला, त्यात तो डबा निघाला. उघडला तर डांबरगोळ्यांचा वास भस्सकन नाकात शिरला. कॅसेटी मोजल्या, २३. मी त्या जोडी-जोडीने रबरबँड लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. अगदी लोकरीचे कपडे ठेवावेत तशा! केवढा नीटनेटकेपणा, आणि केवढी चूक. रबर वितळून लेबलांना चिकटलं होतं. डांबरगोळ्यांनी काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन कॅसेटी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

एक काळी कॅसेट सहज उलटी केली. मागे बॉलपेनने, मुलांच्या वळणदार नसलेल्या अक्षरात, एक नाव आणि इमारतीचा नंबर. दुसऱ्याच मुलाचं नाव. पुढे लेबल कॉन्ट्राचं.

मी तिथेच शिडीच्या पायरीवर बसले.

रात्री मुलाला फोन केला. तो बंगळूरला असतो. सांगितलं तर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तो आठ दिवस रोज दारात यायचा. त्याच्या वाढदिवसाची होती ती. मी ती विकली, असं सगळ्यांना वाटलं. नंतर मला कुणी कॅसेट देईना." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"तू मला पुन्हा का नाही सांगितलंस रे?"

"सांगितलं होतं. एकदा."

असो. रडून काही होत नाही. म्हटलं, आधी ह्या वस्तूंची शुश्रूषा करू. मुलाने फोनवरून शिकवलं, मी वहीत लिहून घेतलं. पूर्वी पोरं कॅसेट चालली नाही की तिच्यात जोरात फुंकर मारायची, आठवतंय? ते चुकीचं. तोंडातली वाफ आतल्या पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. ह्या पट्ट्या ६० असतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. भिंग घेऊन मी त्या खरंच मोजल्या. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कान कोरायच्या कापसाच्या काड्यांनी एकेक पट्टी पुसली. पहिल्या काडीला आलेला काळा मळ बघून लाज वाटली.

चिकटलेल्या जोडीतली एक सोडवताना फुटली. आत बघते तर काय, जवळजवळ रिकामीच! एक छोटीशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. त्या ठिपक्याखाली म्हणे सगळा खेळ. 'नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव इन वन' लिहिलेली एक कॅसेट आहे, तिचेही खेळ मी मोजले. नावं निरनिराळी, पण कुठे मारिओ पहिल्या टप्प्यापासून, कुठे चौथ्यापासून. खरे वेगळे खेळ सातच भरले. जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, हे वर्गात शिकवायला मला छान उदाहरण झालं असतं.

यंत्राचा ॲडॉप्टर तेवढा गेला होता, तो बदलला. २३ पैकी १७ कॅसेटी चालल्या. बंदूक मात्र आता कायमची मुकी. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हे जुन्या डब्यासारख्या टीव्हीवरच जमायचं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे नेम धरून उपयोग नाही. तिला नुसतं बघायला ठेवलंय.

आता ठेवायच्या कुठे? पुन्हा माळ्यावर नाही, हे नक्की. शाळेच्या सहलीबरोबर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी किती वेळा गेले आहे! केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्याला दिलं. तिथे राजेरजवाड्यांपेक्षा माझे पाय अडकित्ते आणि दिव्यांपाशीच रेंगाळायचे. घरातल्याच वस्तू, कुणीतरी टाकून न देता जपलेल्या. मुलं विचारायची, "बाई, अडकित्ते कशाला ठेवलेत?" तेव्हा मी मोठं व्याख्यान द्यायची. आता तेच व्याख्यान स्वतःला दिलं आणि शोकेसचे दोन खण रिकामे केले. शिक्षक दिनाच्या भेटी कपाटात गेल्या.

सुताराकडून पातळ फळ्यांचे २३ उभे कप्पे करून घेतले. कॅसेट उभी ठेवायची, पट्ट्यांची बाजू खाली, म्हणजे धूळ बसत नाही. शोकेस खिडकीसमोर होती ती हलवली, कारण उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं आणि लेबलं उडतात. कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्यातले निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी मुक्कामाला आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते आणि पाऊसही त्याच सुमाराला लागतो. म्हणून मी नियमच केलाय, पालखी पुढे गेली की पुड्या बदलायच्या. काचेला कुलूप लावलेलं नाही. कुलूप एकदा लावून झालंय. नात सुट्टीत आली की हवी ती काढते, खेळते, पुन्हा जागेवर ठेवते.

आणि दाखल नोंदवही केली. अनुक्रमांक, नाव, रंग, स्थिती, शेरा.

कॉन्ट्राचा अनुक्रमांक ११. मुलाने जुन्या मित्रांमार्फत त्या मुलाचा पत्ता लावला. मुलगा कसला, आता पंचेचाळिशीचा गृहस्थ, चाकणला नोकरी करतो. एका रविवारी आला. मी चहा ठेवायच्या आधीच कॅसेट त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "चूक माझ्या मुलाची नव्हती. माझी होती. त्याने मला सांगितलं होतं."

तो उलटसुलट करून मागचं आपलंच अक्षर बघत राहिला. मला वाटलं, म्हणेल, राहू द्या काकू, तुमच्याकडेच शोभते. मनातून मला ते हवंही होतं, संग्रह पुरा राहिला असता. पण त्याने ती रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. म्हणाला, "काकू, त्याचा नंबर द्या." मी दिला. दोघं काय बोलले, मी विचारलं नाही. पण गेल्या गणपतीत मुलगा आला होता, तेव्हा एक दुपार चाकणला जाऊन आला.

म्हणून तो अकरावा खण रिकामा आहे, वहिनी. पडली नाही काही. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय: 'मालकास परत. विलंब ३० वर्षे. विलंबाचे कारण: मी ऐकले नाही.'