बॅटरीचं पाणी

न्हाणीघरातल्या दोरीवर, टॉवेल आणि बनियनच्या मधे, एचपी-५ची फिल्म चिमट्याला टांगून मी झोपलो होतो. सकाळी खिडकीशी धरून पाहिली तर आभाळाच्या जागी पांढुरकी वर्तुळं, कडेला जास्तच दाट. पुण्यातल्या घरी कृष्णधवल फिल्म धुवायला लागल्यापासूनचा हा पाचवा रोल, आणि पाचही डागाळलेले.

डाग दिसला की संशय आधी महागड्या बाटलीवर जातो. मी डेव्हलपर बदलला. डी-७६, तितकंच पाणी, २० अंशांवर ११ मिनिटं, हे तर मी पाठच केलं होतं. एप्रिलात टाकीचं पाणी तिशी ओलांडतं, म्हणून बर्फाची परात घेऊन बसायचो. मग फिक्सरवर संशय. फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाकायचा, तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहायचं, आणि निदान त्याच्या दुप्पट वेळ फिल्म बुडवून ठेवायची. फिक्सर थकला असेल तर फिल्मवर दुधाळ सायीसारखा थर राहतो. तो ताज्या फिक्सरमधे पुन्हा बुडवला की जातो, म्हणून मी पुन्हा बुडवून पाहिलं. वर्तुळं हलली नाहीत.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बघू." चष्मा कपाळावर सरकवून तिने फिल्म तिरकी धरली. "अरे, हा क्षार. बोअरच्या पाण्याचा. गिझरमधे साचतो, तांब्यावर बसतो, तोच. व्हिनेगरचं बोट लावून बघ."

थेंब सुकताना पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतं, आणि थेंबाच्या कडेला सर्वांत जास्त. एवढं रसायनशास्त्र मी परीक्षेत लिहिलं होतं. व्हिनेगर शोधायला स्वयंपाकघरात जायचीही गरज नव्हती, माझा स्टॉप बाथ म्हणजे पातळ केलेलं तेच आम्ल. फिल्म त्यात मिनिटभर बुडवली, भरपूर धुतली, वर्तुळं गेली. तेव्हापासून शेवटची विसळणी डिस्टिल्ड पाण्यात, त्यात वेटिंग एजंटचे चारदोन थेंब. हे पाणी पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं. पंपावरचा पोरगा विचारतो, "गाडी कुठंय?"

सगळेच डाग असे सोशीक नसतात. डेव्हलपर ओतल्यावर टाकी ओट्यावर आपटायला विसरलो, तर हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटून बसतात. त्यांच्याखाली डेव्हलपर पोचतच नाही, आणि निगेटिव्हवर नितळ टिकल्या उरतात, ज्या छापल्यावर काळ्या येतात. त्यांना कोणतंही आम्ल पुरत नाही, कारण तिथं काढण्यासारखं काही नसतंच. सिंहगडावरच्या माझ्या एका ढगात असे सात ठिपके आहेत.

आता प्रत्येक रोल वाळला की आई हात पुसून येते. परवाची फिल्म तिने दोन्ही बाजूंनी तपासली. चकाकती बाजू, मग मंद बाजू. क्षार सापडला नाही, तशी जराशी हिरमुसली. मग सतराव्या चौकटीच्या कोपऱ्याशी थांबली. बारीक बारीक, एकात एक रेषा. अंधारात रिळावर फिल्म चढवताना कुणीतरी चुकीच्या बाजूला हात लावला होता.

"हा मात्र पाण्याचा नाही," ती म्हणाली, आणि माझा अंगठा मागितला.